पहिला पेपर छापताना: पैसे न घालवता, हक्क न गमावता

पीएचडीला नुकतीच नोंदणी झालेले विद्यार्थी, एमडी-एमएस करणारे निवासी डॉक्टर आणि बढतीच्या फाइलीत एक पेपर कमी पडलेले प्राध्यापक. नाशिकमधल्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात थोडा वेळ बसलात तर या सगळ्यांचा एकच प्रश्न ऐकू येईल: "पेपर कुठं टाकू, आणि किती भरावे लागतील?" यातला दुसरा अर्धा प्रश्न चुकीच्या माणसांनी शिकवलेला आहे. एक रुपयाही न भरता चांगल्या जर्नलमध्ये छापता येतं, आणि छापलेलं जगाला फुकट वाचायलाही देता येतं. त्यासाठी लागते ती कागदपत्रांची शिस्त, आणि ती पेपर पाठवण्याच्या आधी लागते.

उदाहरणं आपल्याकडचीच घेतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डाऊनी या वेलीच्या रोगावर काम करणारी विद्यार्थिनी, आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयातला निवासी डॉक्टर, आणि २०२७च्या सिंहस्थाआधी रामकुंडाच्या पाण्याचे नमुने घेणारा प्राध्यापक. तिघंही कल्पित, अडचणी मात्र रोजच्या.

आधी एवढं समजून घ्या

पेपर लिहिणाऱ्याला जर्नल पैसे देत नाही. पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही बहुतेक वेळा देत नाही. संशोधनाचा खर्च बऱ्याचदा सरकारी असतो, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला. आणि मग तोच पेपर वाचायला त्याच विद्यापीठाला वर्गणी भरावी लागते. ही उलटी व्यवस्था खटकणारे लोक जुने आहेत. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत 'आर्काइव्ह' हा सर्व्हर सुरू केला. भौतिकशास्त्रज्ञ आपले पेपर जर्नलची वाट न बघता तिथं ठेवू लागले, ते आजतागायत. २००२ मध्ये बुडापेस्ट जाहीरनामा आला आणि 'ओपन अॅक्सेस' म्हणजे नेमकं काय, हे लिहून ठेवलं गेलं: कुणालाही इंटरनेटवर पेपर फुकट वाचता यावा, उतरवून घेता यावा, वाटता यावा, बंधन एवढंच की लेखकाचं श्रेय द्यायचं आणि त्याच्या कामाची मोडतोड करायची नाही.

तिथं पोचण्याचे रस्ते तीन-चार आहेत. जर्नलच सगळ्यांना खुलं असेल तर तो गोल्ड मार्ग. यात लेखकाकडून शुल्क घेतलं जाऊ शकतं. वाचकही काही देत नाही आणि लेखकही काही देत नाही, तो डायमंड. पेपर वर्गणीवाल्या जर्नलमध्ये छापून आपली एक प्रत इंटरनेटवरच्या खुल्या भांडारात ठेवायची, तो ग्रीन. हायब्रिड म्हणजे वर्गणीवालं जर्नल तुमच्याकडून पैसे घेऊन फक्त तुमचा पेपर खुला करतं. माझ्या मते नवख्या माणसानं डायमंड आणि ग्रीन या दोनच शब्दांशी मैत्री करावी.

पायरी १: वाचायला मिळवा, तेही कायदेशीर

लिहिण्याआधी वाचावं लागतं, आणि वाचायला गेलं की पडद्यावर 'चाळीस डॉलर भरा' अशी पाटी येते. भरू नका. आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा की आपली संस्था 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मध्ये आहे का. ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना जानेवारी २०२५ पासून त्यातून मिळू लागली. नाशिकची बरीच कॉलेजं खाजगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, त्यामुळे 'सगळ्यांना मिळतंच' असं धरून चालू नका. अनुदानित कॉलेजांसाठी 'इन्फ्लिबनेट' या सरकारी केंद्राची 'एन-लिस्ट' ही ई-जर्नल्सची योजना आहे; तिचा लॉगिन वर्षानुवर्षं न वापरता पडून असतो, तो मागून घ्या.

इथं काही मिळालं नाही तर ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे एक्स्टेन्शन बसवा. एखाद्या पेपरची कायदेशीर फुकट प्रत जगात कुठंही असेल तर ते बाजूला हिरवं कुलूप दाखवतं. गूगल स्कॉलरवर पेपरच्या नावाखाली सगळ्या आवृत्त्या बघण्याची लिंक असते, तिथंही बऱ्याचदा घबाड सापडतं. वैद्यकीय विषयांसाठी 'पबमेड सेंट्रल', शेतीच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश', इतर प्रबंधांसाठी 'शोधगंगा'. डाऊनीवर काम करणारीला राहुरीच्या कृषी विद्यापीठात तिच्या विषयावर आधी काय झालंय हे बघायचं असेल, तर महागड्या परदेशी जर्नलआधी कृषिकोश उघडलेला बरा.

आणि तरीही नाही मिळालं तर लेखकाला चार ओळींचा ईमेल करा. पेपरवर पत्ता असतोच. आपलं काम कुणीतरी वाचतंय या आनंदात माणसं पीडीएफ पाठवतात, वर दोन जास्तीचे पेपरही जोडतात.

प्रकाशकांच्या परवानगीशिवाय पेपर फुकट देणाऱ्या साय-हब या साइटचं नाव कुणीतरी काढतंच. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ मध्ये न्यायालयानं ती साइट भारतात बंद करायचा आदेश दिला. वाद मोठा आहे आणि प्रकाशकांची बाजू मला फारशी पटत नाही. पण प्रबंधाचं काम त्यावर उभं करू नका.

पायरी २: ऑर्किड क्रमांक काढा

पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे. संशोधकाची ओळख सांगणारा हा सोळा अंकी क्रमांक आयुष्यभर तुमचाच राहतो. मराठी नावांसाठी तर तो फारच गरजेचा. एका पेपरवर नाव-आडनाव, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मध्ये, तिसऱ्यावर आडनाव आधी, आणि लग्नानंतर आडनाव बदललं तर चौथीच व्यक्ती तयार होते. क्रमांक एकच असला की ही सगळी माणसं एक होतात.

पायरी ३: जर्नल निवडा, आणि इथं घाई करू नका

फसवणूक होते ती याच पायरीवर. व्हॉट्सअॅपवर संदेश येतो: 'तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन, डीओआय, इम्पॅक्ट फॅक्टर, प्रमाणपत्र मोफत', आणि खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. रक्कमही अशी की फार विचार न करता खिशातून निघावी. जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालानं अशा जर्नल्सची यादी अनेक वर्षं चालवली. २०१७ मध्ये ती बंद झाली. आपल्याकडची परिस्थिती पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी जर्नल्स त्यांनी तपासली, त्यांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्यानंतर २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी आली.

ती यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, ही गोष्ट अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. जर्नल पारखायची जबाबदारी आता संस्थांवर आणि संशोधकांवर आहे. म्हणून आज कुणी 'आमचं जर्नल केअर लिस्टेड आहे' अशी जाहिरात करत असेल, तर तो बंद पडलेल्या यादीच्या नावावर धंदा करतोय.

मग पारखायचं कसं? आयएसएसएन बघून काही कळत नाही. तो नुसता जर्नलचा नोंदणी क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, ही क्लॅरिव्हेट कंपनी काढते ती संख्या. त्याच्या मागे-पुढे 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असे शब्द चिकटलेले दिसले की सावध व्हा. स्कोपस या जर्नल्सच्या मोठ्या सूचीत असल्याचा दावा असेल तर जर्नलच्या साइटवरचा लोगो न बघता स्कोपसच्या स्वतःच्या मोफत यादीत नाव शोधा. खुलं जर्नल असेल तर 'डीओएजे' या २००३ पासूनच्या निर्देशिकेत ते आहे का बघा. तिथं शुल्क न घेणारी जर्नल्स वेगळी गाळून बघायची सोय आहे, आणि माझ्या मते अख्ख्या इंटरनेटवरची नवख्या संशोधकासाठी सर्वांत उपयोगी चौकट तीच. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून विचारा की तुम्ही खरंच या मंडळावर आहात का. काहींना ते स्वतः मंडळावर असल्याचं तुमच्याकडूनच कळेल. आणि मागच्या अंकांतले दोन पेपर वाचा. रामकुंडाच्या पाण्याच्या शेजारी मराठी कविता, त्याच्या शेजारी जीएसटी, असा अंक असेल तर तिथं तुमचा पेपर कुणी तपासणार नाही.

आणखी एक फसवा प्रकार आहे. जुन्या, प्रतिष्ठित जर्नलच्या नावाची हुबेहूब बनावट साइट काढतात. पत्ता नीट वाचा, आणि जर्नलच्या साइटवर ईमेलमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका.

घाई का होते, तर प्रबंध जमा करण्याआधी पेपर हवा म्हणून. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत ही सक्ती काढलेली आहे. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते संशोधन विभागात लेखी विचारून घ्या. चांगल्या जर्नलला तपासणीला काही महिने लागतात, कधी वर्षही. वेळापत्रक त्या हिशेबानं आखा.

पायरी ४: शुल्काचं काय?

काही उत्तम खुली जर्नल्स लेख-प्रक्रिया शुल्क घेतात. ते बोलीभाषेत 'एपीसी'. हे शुल्क लाखाच्या घरात सहज जातं. 'नेचर'नं २०२० मध्ये पेपर खुला करण्यासाठी ९,५०० युरो जाहीर केले होते, म्हणजे आजच्या दरानं आठ-दहा लाख रुपये. एवढ्यात दिंडोरीत एकरभर द्राक्षबाग उभी राहील, असं एका शेतकऱ्याचं मत पडलं.

गरीब देशांच्या लेखकांना माफी मिळते असं ऐकून अर्ज करायला जाल तर तिथं एक मेख आहे. भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात मोडतो, पण काही मोठे प्रकाशक एकूण जीडीपीची मर्यादाही लावतात, आणि आपला देश आकारानं मोठा असल्यामुळे त्या मर्यादेबाहेर जातो. आपोआप माफी मिळत नाही. मात्र बऱ्याच प्रकाशकांकडे विनंतीवरून सवलत असते. ती पेपर पाठवतानाच मागायची. स्वीकारल्यानंतर मागितली तर 'आता उशीर झाला' हे उत्तर ठरलेलं. वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये निवडक खुल्या जर्नल्सच्या शुल्कासाठी वर्षाला १५० कोटींची तरतूद आहे. तुमची संस्था योजनेत असेल तर ग्रंथपालांना त्याबद्दल विचारा.

यातलं काही जमलं नाही तरी अडत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल्स लेखकाकडून शुल्क न घेता वाचकाला खुली असतात. आणि नाहीतर वर्गणीवाल्या चांगल्या जर्नलमध्ये फुकट छापून ग्रीन मार्ग धरायचा. त्याची पूर्वतयारी म्हणजे पुढच्या दोन पायऱ्या.

पायरी ५: सही करण्याआधी फॉर्म वाचा

पेपर स्वीकारल्याचा ईमेल येतो, घरी पेढे येतात, आणि त्याच ईमेलमध्ये एक कॉपीराइट फॉर्म असतो. तो न वाचता सही करणं म्हणजे सातबारा न बघता जमिनीचा व्यवहार करणं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यात लेखकाच्या बाजूची एक तरतूद आहे: हक्क दिले पण मुदत लिहिलीच नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता. प्रकाशकांच्या वकिलांना हे माहीत असतं. म्हणूनच फॉर्मवर 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभरात' असं छापलेलं असतं. संपूर्ण मुदत म्हणजे आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं.

फॉर्ममध्ये तीन गोष्टी शोधा. स्वीकृत प्रत भांडारात ठेवायची परवानगी आहे का आणि किती महिन्यांनी. स्वतःच्या प्रबंधात व शिकवताना वापरायचा हक्क तुमच्याकडे राहतो का. आणि आकृत्या पुन्हा वापरायला तुम्हालाच परवानगी मागावी लागेल का. पटत नसेल तर बदल सुचवणारं नम्र पत्र पाठवा. नाही म्हणाले तर तुमचं काही गेलं नाही.

खुल्या जर्नलमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे इतरांनी तुमचा पेपर कसा वापरावा याच्या ठरीव अटी, निवडावा लागतो. इथं नवखे लोक घाबरून सगळ्यांत कडक परवाना निवडतात, कारण 'कुणी चोरलं तर?' पण सर्वांत मोकळ्या 'सीसी बाय'मध्येही श्रेय देणं बंधनकारक आहे. न देणारा परवाना मोडतो. उलट 'एनडी' अक्षरं असलेला परवाना घेतला तर तुमच्या पेपरमध्ये बदल करून तो वाटता येत नाही, आणि भाषांतर हा बदलच धरला जातो. म्हणजे उद्या पिंपळगावच्या एखाद्या शिक्षकानं तुमचा डाऊनीवरचा पेपर शेतकऱ्यांसाठी मराठीत करायचा ठरवला, तर त्याला आधी परवानगी मागत बसावं लागेल. कडक परवान्यानं चोर थांबत नाही, पण हा शिक्षक नक्की थांबतो. 'एनसी', म्हणजे व्यापारी वापराला मनाई, हा मधला पर्याय. औषध किंवा कीटकनाशक कंपनीनं तुमचा पेपर जाहिरातीसाठी छापू नये असं वाटत असेल तर तो घ्यावा.

पायरी ६: स्वीकृत प्रत जपा

एका पेपरच्या तीन प्रती असतात. तपासणीला पाठवण्याआधीची, ती प्रीप्रिंट. तज्ज्ञांचे शेरे आल्यावर सुधारून दिलेली आणि संपादकांनी मान्य केलेली, ती स्वीकृत प्रत. आणि जर्नलच्या मांडणीत, त्यांच्या बोधचिन्हासह आलेली छापील पीडीएफ. लोकांच्या मनात मोल असतं तिसरीचं. तुमच्या उपयोगाची असते दुसरी. कारण बहुतेक मोठे प्रकाशक छापील पीडीएफ खुली ठेवू देत नाहीत, पण स्वीकृत प्रत काही महिन्यांनी ठेवू देतात. हा थांबण्याचा काळ साधारण बारा ते चोवीस महिने, कुठं कमीही.

अडचण अशी की हीच फाइल हरवते. ती असते मार्गदर्शकांच्या जुन्या लॅपटॉपवर, किंवा सायबर कॅफेतल्या पेन ड्राइव्हवर, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरंच' या तीन नावांनी. स्वीकृतीचा ईमेल आला त्याच दिवशी ती फाइल पेपरच्या नावानं आणि तारखेनं जतन करा, आकृत्यांसकट, आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

मग 'ओपन पॉलिसी फाइंडर' या मोफत साइटवर जर्नलचं नाव टाका. जुने लोक तिला 'शेर्पा रोमिओ' म्हणतात. कोणती प्रत, कुठं, किती दिवसांनी, हे तिथं जर्नलनिहाय मिळतं. विद्यापीठाचं स्वतःचं भांडार असेल तर तिथं, नसेल तर 'झेनोडो'वर ठेवा. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये उभारलेलं हे भांडार कुणालाही फुकट आहे आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, देतं. थांबण्याची मुदत आत्ताच भरून ठेवता येते. तारीख आली की फाइल आपोआप खुली होते, तुम्हाला आठवण ठेवावी लागत नाही. छापील पीडीएफ मात्र संशोधकांच्या सोशल साइटवर किंवा विभागाच्या ग्रुपवर टाकू नका. एकाला खाजगीत पाठवणं आणि सगळ्यांसाठी लटकवणं यात प्रकाशक फरक करतात.

प्रीप्रिंट टाकायचं का, हे विषयावर ठरतं. भौतिकशास्त्रात तो रिवाजच आहे. निवासी डॉक्टरांनी मात्र न तपासलेलं उपचारविषयक काही टाकताना दहादा विचार करावा. असा मजकूर दुसऱ्या दिवशी बातमी होऊन फिरतो. पेटंटचा विचार असेल तर कुठलीही प्रत बाहेर जाण्याआधी अर्ज दाखल व्हायला हवा, आणि शोधगंगेवर जाणारा प्रबंधही 'बाहेर जाणं'च आहे.

पायरी ७: डेटा देताना माणसं झाका

जर्नल आता पेपरसोबत डेटाही मागतात. द्यावा, पण नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. रुग्णाचं वय, छोट्या गावाचं नाव आणि दुर्मीळ आजार एवढं एकत्र आलं की सुरगाण्यातल्या त्या गावाला माणूस कळतो. रुग्णाची संमती घेताना 'प्रकाशनासाठी' आणि 'डेटा खुला करण्यासाठी' अशा दोन वेगळ्या ओळी फॉर्मवर ठेवा, मराठीत, वाचून दाखवता येतील अशा. नैतिक समितीकडे हा फॉर्म सुरुवातीलाच न्या. नंतर संमती गोळा करत फिरणं जवळपास अशक्य असतं.

शेतीच्या डेटाबद्दल लोक एवढी काळजी घेत नाहीत, ती घ्यायला हवी. निर्यातीच्या द्राक्षांत कीडनाशकाचा अंश किती, हा आकडा गट क्रमांक किंवा जीपीएस बिंदूसकट खुला झाला तर त्या एका बागायतदाराचा माल अडू शकतो. बिंदू तालुक्यापर्यंत पुसट करा आणि शेतकऱ्यांना सांकेतिक क्रमांक द्या. पाण्याच्या नमुन्यांना मात्र उलटा नियम: रामकुंडाचा नमुना कुठल्या पायरीवरून, किती वाजता, पर्वणीच्या आधी की नंतर घेतला, हे जितकं नेमकं लिहाल तितका तो पुढच्या सिंहस्थाला उपयोगी.

पायरी ८: एक पान मराठीत

ज्यांच्या बागेत तुम्ही दोन हंगाम पानं तोडलीत, त्यांना इंग्रजी पेपर खुला असून नसून सारखाच. पेपर छापून आला की एक पान मराठीत लिहा. काय पाहिलं, काय आढळलं, ऑक्टोबर छाटणीनंतर काय करून बघता येईल, आणि कशाची खात्री अजून नाही. शेवटचा मुद्दा गाळू नका. कृषी सेवा केंद्रातला माणूस तो सांगत नाही. सहलेखकांना दाखवा, मार्गदर्शकांची संमती घ्या, आणि झेनोडोवर पेपरच्या नोंदीला जोडून ठेवा. छापील प्रत सोसायटीच्या फलकावर आणि द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रात द्या.

पानाच्या तळाशी पेपरचा डीओआय आणि तुमचा ईमेल पुरे. फोन नंबर टाकायचा असेल तर छाटणीचा हंगाम संपल्यावर टाका, नाहीतर पहाटे साडेपाचपासून पानांचे फोटो यायला लागतात.